समासातल्या फुल्या

माझी भाची वाचताना हातात पेन्सिल ठेवते. गेल्या पावसाळ्यात ती चार दिवस राहायला आली होती. जाताना एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशी, वाच. शेवट आधी बघायचा नाही. आणि समासात मी फुल्या मारल्यात, त्या कशाच्या ते तू ओळख." भाची चौदा वर्षांची. कादंबरीची नायिकाही चौदाच वर्षांची.

पन्नासेक पानांत फुल्यांचा अर्थ लागला. जिथे कुणी खोटे बोलते, तिथे समासात एक बारीक फुली. पण पुढे काही फुल्या अशा जागी दिसू लागल्या, की मला तिथे खोटे काही सापडेना. तिथली माणसे अगदी मनापासून बोलत होती. त्या फुल्यांसाठी मी पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचले. हा लेख त्या दुसऱ्या वाचनाचा.

कादंबरीचे नाव 'द लाय ट्री', लेखिका फ्रान्सेस हार्डिंग. मराठीत नाव द्यायचे तर 'खोट्याचे झाड'. २०१५ साली ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या वर्षीचा 'कॉस्टा बुक ऑफ द इयर' हा मानाचा पुरस्कार तिला मिळाला. या पुरस्कारात कादंबरी, पहिली कादंबरी, चरित्र, कविता आणि बालसाहित्य अशा पाच विभागांतले विजेते शेवटी एकमेकांसमोर उभे राहत. मुलांच्या विभागातले पुस्तक सगळ्यांच्या वर जाणे फार दुर्मीळ. हा पुरस्कार 'व्हिटब्रेड' नावाने ओळखला जात होता तेव्हा, २००१ च्या पुरस्कारात, फिलिप पुलमन यांच्या 'द अंबर स्पायग्लास'ने ते साधले होते. त्यानंतर ते साधणारे हे दुसरे पुस्तक.

ही एका खुनाची रहस्यकथा आहे. खुनी कोण, हे मी सांगणार नाही. मधली काही गुपिते मात्र सांगावी लागतील, कारण त्यांच्याशिवाय पुस्तकाचा गाभा हाती येत नाही.

बेटावर आलेले कुटुंब

काळ एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकाचा. रेव्हरंड इरॅस्मस संडरली हे धर्मोपदेशक आणि नावाजलेले निसर्गशास्त्रज्ञ. त्यांना सापडलेल्या जीवाश्मांनी मोठी खळबळ माजवलेली असते, विशेषतः पंख असलेल्या माणसाच्या जीवाश्माने. बायबलमध्ये उल्लेख असलेल्या नेफिलिम या महाकाय पुरुषांचा तो पुरावा म्हणून लोक त्याच्याकडे आशेने बघतात. आणि एक दिवस वर्तमानपत्रात बातमी झळकते, की हे जीवाश्म बनावट आहेत. कुटुंब केंटमधले घर सोडून व्हेन नावाच्या बेटावर येते. कारण सांगितले जाते तिथल्या गुहेतल्या उत्खननाचे. व्हेन बेट लेखिकेने कल्पिलेले आहे, पण तिथला पाऊस, कडे, समुद्राचा घोंघावणारा वारा आणि परक्यांकडे संशयाने बघणारी वस्ती इतकी नेमकी उतरली आहे, की नकाशात शोधायचा मोह होतो.

फेथ ही या घरातली थोरली मुलगी. तिला आईसारखे चारचौघांत छाप पाडता येत नाही. ती गप्प, आज्ञाधारक, कुणाच्या नजरेत न भरणारी. आतून मात्र तिला ज्ञानाची भूक आहे. ती वडिलांची पुस्तके चोरून वाचते, दाराआडून मोठ्यांची बोलणी ऐकते, बंद पत्रे उघडून बघते. वडील तिला देवासारखे वाटतात. वडिलांच्या लेखी मात्र घरात महत्त्वाचा आहे तो सहा वर्षांचा हॉवर्ड, कारण तो मुलगा. तोही सुखात नाही. तो डावखुरा आहे आणि डावा हात वापरता येऊ नये म्हणून त्याच्या अंगात खास शिवलेला कोट चढवला जातो. या घरात प्रत्येकाचा एक हात असा बांधलेला आहे, हे पुस्तक कुठेही ओरडून सांगत नाही. आपणच ते हळूहळू पाहू लागतो.

झाड

वडिलांनी या बेटावर जिवापाड जपून एक रोप आणले आहे. त्याला उजेड चालत नाही. अंधारात ठेवले तर ते वाढते, उजेड लागला तर पेट घेते. त्याचे खाद्य म्हणजे खोटे. झाडाजवळ जाऊन एक खोटी गोष्ट कुजबुजायची आणि मग तीच जगात पसरवायची. जितके जास्त लोक विश्वास ठेवतील आणि जितकी ती गोष्ट त्यांच्या जिवाला भिडलेली असेल, तितके फळ मोठे. ते फळ जो खाईल त्याला एक लपलेले सत्य दिसते.

कल्पना ऐकायला सोपी वाटते. हार्डिंग तिच्यातून काय काय काढतात, ते बघण्यासारखे आहे. सत्य हवे असेल तर आधी खोटे पेरायला हवे, असा हा सौदा. ज्या माणसाने आयुष्यभर धर्म सांगितला, त्यानेच तो केलेला असतो. पंखांच्या माणसाचा जीवाश्म लबाडीने घडवलेला होता, आणि घडवण्यामागे पैसा किंवा प्रसिद्धी हे कारण नव्हते. सगळ्या जगाने ज्यावर विश्वास ठेवावा असे एक प्रचंड खोटे त्यांना झाडाला खाऊ घालायचे होते, म्हणजे तितकेच प्रचंड सत्य हाती आले असते. माणूस देवाने घडवला की प्राण्यांतून आला, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

या प्रश्नाची धग समजण्यासाठी तो काळ आठवायला हवा. डार्विनचा 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' नोव्हेंबर १८५९ मध्ये आला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५८ मध्ये, डेव्हन परगण्यातल्या ब्रिक्सहॅम इथे एका गुहेत उत्खनन सुरू झाले होते. तिथे माणसाने घडवलेली दगडी हत्यारे आणि नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडे एकाच थरात मिळाली. म्हणजे माणूस त्या प्राण्यांच्या काळातही होता, बायबलवरून मांडलेल्या सहा हजार वर्षांच्या हिशेबात तो बसत नव्हता. ज्यांनी पृथ्वीचे वय धर्मग्रंथावरून मोजले होते, त्यांच्या पायाखालची जमीन खरोखरच गुहेत खणली जात होती. व्हेन बेटावरची गुहा वाचताना मला सतत ब्रिक्सहॅमची आठवण येत राहिली.

बनावट जीवाश्मही त्या काळाला नवे नव्हते. १८६३ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅबव्हिलजवळच्या मूलँ कीन्यों इथल्या खाणीत मानवी जबडा सापडल्याची बातमी झाली. संशोधक बूशे द पेर्त यांनी मानवी अवशेष शोधून देणाऱ्याला बक्षीस लावले होते. तज्ज्ञांनी तपासल्यावर जबडा तिथे कुणीतरी मुद्दाम पुरल्याचा निष्कर्ष निघाला. पुढे १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये 'पिल्टडाउन मानव' गाजला. तो माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा जोडून केलेला बनाव होता, हे सिद्ध व्हायला १९५३ साल उजाडावे लागले. चाळीस वर्षे ते खोटे टिकले, कारण पहिला माणूस आपल्याच देशात जन्मला यावर अनेकांना विश्वास ठेवायचा होता. हार्डिंग यांच्या झाडाचा नियम इतिहासालाही लागू पडतो.

रात्रीची होडी आणि सकाळचे प्रेत

एका रात्री वडील फेथला उठवतात. त्यांना झाड लपवायचे आहे आणि मदतीला दुसरे कुणी नाही. बाप आणि मुलगी अंधारात होडी वल्हवत समुद्रातल्या गुहेत जातात. लाटांचा आवाज, गुहेच्या तोंडाशी होडीचे हेलकावे, कापडात गुंडाळलेले ते रोप. फेथ घाबरलेली आहे आणि त्याच वेळी आयुष्यात कधी नव्हती इतकी आनंदात आहे, कारण वडिलांनी तिला आपल्या कामात घेतले. हे प्रकरण वाचताना माझा श्वास अडकला होता. समुद्रामुळे नव्हे, त्या मुलीच्या आनंदामुळे. इतक्या थोड्यावर इतकी खूश होणारी मुलगी बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी वडील मेलेले सापडतात. गाव म्हणते, आत्महत्या. फेथ म्हणते, खून.

आत्महत्येचा नुसता संशयदेखील या कुटुंबाला का उद्ध्वस्त करतो, हे आजच्या वाचकाला चटकन कळणार नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये आत्महत्या हा गुन्हा होता. १८२३ च्या कायद्यापर्यंत अशा माणसाला चौरस्त्यावर पुरून त्याच्या देहात खुंटा ठोकण्याची प्रथा होती. त्या कायद्याने दफनभूमीत पुरायची मुभा दिली, पण रात्री ९ ते १२ या वेळेत आणि धार्मिक विधींशिवाय. शुद्धीवर असताना जीव दिल्याचा निकाल लागला तर मृताची मालमत्ता सरकारजमा होऊ शकत असे. ती तरतूद १८७० मध्ये रद्द झाली. आत्महत्या हा गुन्हा न राहण्यासाठी १९६१ साल यावे लागले. म्हणून या कादंबरीत मृत्यूचे कारण ठरवणे म्हणजे विधवेच्या आणि दोन मुलांच्या डोक्यावर छप्पर राहणार की नाही, हे ठरवणे आहे. गावातला धर्मगुरू पवित्र जमिनीत जागा नाकारतो तेव्हा वाचकाला थंडी वाजते.

पोलिसांकडे जायला चौदा वर्षांच्या मुलीजवळ पुरावा नाही आणि तिचे ऐकून घेणारे कुणी नाही. तिच्याजवळ आहे ते झाड.

फेथचे खोटे

इथून कादंबरी काळोखात शिरते. फेथ गुहेत एकटी जाते आणि झाडाच्या कानात, असे म्हणावेसे वाटते, पहिले खोटे सांगते: वडिलांचे भूत घरात फिरते आहे. मग ते पसरवायला लागते. ती स्वतः फारसे काही बोलत नाही. एखादी वस्तू जागची हलवते, एखादा आवाज करते, आणि थांबते. उरलेले काम घरातली माणसे करतात. कुणाला पावले ऐकू येतात, कुणाला सावली दिसते, बाजारात कुजबुज सुरू होते. लोकांना जे आधीच वाटत असते त्याच्या दिशेने नुसते बोट दाखवले तरी पुरते. मग उत्खननाच्या जागी दडलेल्या धनाची अफवा. मजुरांच्या डोळ्यांत लोभ उतरतो, माणसे एकमेकांवर पाळत ठेवू लागतात.

ही पाने मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. आपल्या हातातल्या फोनवर रोज येणारे निरोप आठवा. कुठल्याशा गावात मुले पळवणारी टोळी आली, अमुक औषधाने सगळे रोग बरे होतात. असे निरोप पुढे धाडणारी बहुतेक माणसे दुष्ट नसतात. त्यांना भीती वाटत असते किंवा आशा वाटत असते, आणि निरोप त्या भीतीच्या किंवा आशेच्या मापाचा शिवलेला असतो. चौदा वर्षांच्या मुलीने अफवेचे हे शास्त्र प्रयोग करून शिकणे आणि पुढे तिच्या अफवेची झळ ज्यांच्याशी तिचे काहीही वैर नव्हते अशांना बसणे, हे सगळे लेखिका न चुकवता दाखवते. फेथला आपण माफ करतो, पण लेखिका तिला हिशेबातून सुटू देत नाही.

आणि ते फळ. कडू, जीभ आखडवणारे. ते खाल्ल्यावर फेथला दिसणारी दृश्ये स्वप्नांसारखी तुटक आहेत, त्यांचा अर्थ तिलाच लावावा लागतो. इथे रहस्यकथा म्हणून हार्डिंग यांची पकड दिसते. झाड उत्तर तयार करून देत नाही, फक्त धागा देते. तपास फेथलाच करावा लागतो: वडिलांची टिपणे वाचून, घड्याळाच्या वेळा जुळवून, पॉल या तिच्याच वयाच्या मुलाशी अर्धे वैर आणि अर्धा करार करून. पॉलचे वडील मृत माणसांचे छायाचित्र काढून देतात. तो त्या काळातला खरा प्रघात होता. अनेक घरांत गेलेल्या मुलाचा एकुलता एक फोटो हा मृत्यूनंतरच काढलेला असे. पॉल आणि फेथ यांच्यात प्रेमकथा घुसडण्याचा सोपा मार्ग लेखिकेने घेतलेला नाही, आणि मला ते फार आवडले.

ज्या फुल्या मला आधी कळल्या नाहीत

आता त्या फुल्यांकडे येते.

बेटावर एक डॉक्टर आहे. स्वभावाने वाईट नाही, फेथशी प्रेमानेच बोलतो. त्याला कवट्या मोजण्याचा नाद आहे. फेथ धीर करून आपल्याला यात रस आहे असे सुचवते. डॉक्टर तिला समजावतो, की स्त्रीची कवटी लहान, म्हणून तिची बुद्धीही लहान, आणि जास्त बुद्धी स्त्रीचे नुकसानच करते. त्याच्या आवाजात कुचेष्टा नाही. तो तिला विज्ञान सांगतो आहे. फेथच्या तोंडून शब्द फुटत नाही, कारण ज्या विज्ञानावर तिचे प्रेम आहे तेच तिला दाराबाहेर उभे करते आहे.

त्या परिच्छेदापुढे भाचीने फुली मारली होती. ठळक, पेन्सिल दाबून.

तशीच दुसरी फुली वडिलांच्या बोलण्यापुढे. पत्रे चोरून वाचल्याबद्दल ते फेथला झापतात. मुलीला मुलासारखे शूर किंवा हुशार होता येत नाही, तिने निदान चांगले तरी असावे, ती आयुष्यभर घरावरचा खर्चच राहणार, असा त्या बोलण्याचा रोख आहे. वडिलांचा यावर पूर्ण विश्वास आहे. ऐकणाऱ्या मुलीचाही आहे. तिथेही फुली.

मला वाटले होते की खोटे म्हणजे माहीत असून सांगितलेले असत्य. भाचीने झाडाचा नियम माझ्यापेक्षा नीट वाचला होता. जितके जास्त लोक मानतील, तितके खोटे मोठे. मग या पुस्तकातले सगळ्यांत मोठे खोटे कोणते? पंखांचा माणूस नव्हे, भूत नव्हे, दडलेले धन नव्हे. ते झाडाला कुणी कधी सांगितलेच नाही, कारण सांगायची गरज नव्हती. डॉक्टर, न्यायाधीश, धर्मगुरू, वडील, आई, नोकर, सगळ्यांचा त्यावर विश्वास होता. मुलीची बुद्धी लहान असते, हे ते खोटे.

आणि तेव्हाचे खरे जग कादंबरीपेक्षा सौम्य नव्हते. पॉल ब्रोका हा फ्रेंच शास्त्रज्ञ १८६० च्या दशकात मेंदूंची वजने करून स्त्रीपुरुषांच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढत होता. त्याच्याही आधी लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर मेरी अ‍ॅनिंग या सुताराच्या मुलीने बाराव्या वर्षाच्या सुमारास भावाबरोबर इक्थिओसॉरचा सांगाडा उजेडात आणला होता, आणि १८२३ मध्ये प्लेसिओसॉरचा पहिला जवळजवळ पूर्ण सांगाडा शोधला होता. तिने काढलेल्या जीवाश्मांवर पुरुषांनी निबंध वाचले आणि त्यांत बहुतेकदा तिचे नावही नसे. ती १८४७ मध्ये वारली. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना फेलो म्हणून घेतले ते १९१९ मध्ये. रॉयल सोसायटीत पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या १९४५ मध्ये. नामवंत भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांच्या पत्नी मेरी बकलंड जीवाश्मांची चित्रे काढत, तुटलेले तुकडे जोडत. ग्रंथांवर नाव नवऱ्याचे.

हे ध्यानात आले आणि झाडाचा दुसरा अर्थ मला लागला. अंधारात वाढणारे, उजेड लागताच पेट घेणारे असे या पुस्तकात आणखी एक आहे: फेथची बुद्धी. तिला उघड्यावर वाढू दिले नाही, म्हणून ती दाराआड वाढली, चोरून वाढली, खोट्यावर वाढली. मुलीला सरळ प्रश्न विचारू दिला नाही तर ती कान लावून ऐकायला शिकते. तिला खरे बोलून काही मिळत नसेल तर ती खोटे बोलायला शिकते, आणि मग तिच्या खोटेपणाकडे बोट दाखवले जाते. लेखिकेने हा न्याय कुठेही भाषणात मांडलेला नाही, कथेच्या हाडामांसात घातला आहे.

फेथची आई मर्टल या उजेडात वेगळी दिसू लागते. सुरुवातीला ती उथळ वाटते. नवरा जाताच दुसऱ्या पुरुषांपुढे लाडिक बोलणारी बाई. फेथ तिचा तिरस्कार करते, आणि आपणही. शेवटाकडे मायलेकी समोरासमोर येतात तेव्हा कळते, की मर्टलही लढतच होती. घर वाचवण्यासाठी तिच्याजवळ रूप आणि गोड बोलणे एवढीच हत्यारे होती. पुस्तकातल्या इतर स्त्रियांबद्दलही असेच धक्के बसत जातात. आपण त्यांना फेथच्या नजरेने पाहत होतो, आणि फेथनेही तेच मोठे खोटे गिळलेले होते.

उणे आणि अधिक

पुस्तकात उणे नाही असे नाही. पहिला तृतीयांश भाग संथ आहे. खून होईपर्यंत बराच धीर धरावा लागतो, आणि रहस्याच्या ओढीने हाती घेणारी मुले तिथे थबकू शकतात. झाड कुठून आले, ते खरोखर अद्भुत आहे की एखादी अज्ञात वनस्पती, हे अधांतरी राहते. मला ते चालले, सगळ्यांना चालेलच असे नाही. भाषाही उपमांनी गच्च भरलेली आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही काही पाने दोनदा वाचावी लागतील.

पण आपल्याकडच्या पालकांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: इतके काळोखे पुस्तक मुलांना द्यावे का? मृत्यू, भूत, सूड, आत्महत्येचा संशय. माझे उत्तर आहे, द्यावे, आणि नंतर त्याबद्दल बोलावे. चौदाव्या वर्षी मुलांना घरातले ताण कळत असतात, मोठ्यांचे खोटे कळत असते. फक्त त्याबद्दल बोलायला त्यांच्याजवळ शब्द नसतात. आपल्या भाषेत भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मुलांना साहस दिले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भय आणि गूढ दिले, तेही मुख्यतः मोठ्यांसाठी. बारा ते सोळा या वयासाठी मराठीत लिहिलेली, भीतीच्या पोटात एक गंभीर प्रश्न बाळगणारी मोठी रहस्यकादंबरी मात्र शोधावी लागते. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे वय आपले मानावे आणि त्याला पुरेसा काळोख आणि पुरेसा विश्वास द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुस्तक परत करताना मी भाचीला विचारले, डॉक्टरच्या बोलण्यापुढे फुली का? तो तर खोटे बोलत नव्हता. ती म्हणाली, "मावशी, तो खरेच मानत होता, म्हणून तर ती मोठी फुली."

कादंबरीच्या शेवटी फेथ आईला सांगते की तिला निसर्गशास्त्रज्ञ व्हायचे आहे. लोक नावे ठेवतील हे तिला ठाऊक आहे, आणि पुढच्या मुलींना वाट सोपी व्हावी म्हणून ती ते सोसायला तयार आहे. तुमच्या घरात बारा-चौदा वर्षांचे कुणी असेल तर या दिवाळीत त्याच्या किंवा तिच्या हाती हे पुस्तक द्या. सोबत एक पेन्सिलही द्या. आणि फुल्या मारून झाल्या की त्या जरूर वाचा. त्यांतली एखादी तुमच्या-माझ्या रोजच्या वाक्यापुढेही मारलेली असू शकेल.